अमायलेझ, लायपेझ आणि स्वादुपिंड : पॅकेजच्या रिपोर्टमधल्या त्या दोन ओळी

परीक्षानळी (धागाकर्ती)

हल्ली 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये अमायलेझ आणि लायपेझ सर्रास टाकलेलं असतं. रविवारी सकाळी सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये कॅम्प लागतो, लोक उपाशीपोटी रक्त देऊन घरी जातात, संध्याकाळी मोबाइलवर रिपोर्ट येतो. लायपेझपुढे ठळक 'हाय' दिसलं की घरात धसका. गूगल करावं तर पहिल्या पानावरच स्वादुपिंडाचा कॅन्सर. मी पुण्यातच एका लॅबमध्ये बायोकेमिस्ट्री विभागात काम करते. कोथरूड, वारजे, सिंहगड रोड, सगळीकडून ओळखीचे लोक असे रिपोर्ट पाठवून एकच विचारतात, "स्वादुपिंड बिघडलंय का?" एकेकाला वेगळं सांगण्यापेक्षा इथे नीट लिहिते.

स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. त्याची कामं दोन. इन्शुलिनसारखी हार्मोन्स थेट रक्तात सोडायची आणि पाचकरस नळीवाटे लहान आतड्यात सोडायचा. या पाचकरसात पिष्ट पचवणारं अमायलेझ, स्निग्ध पदार्थ पचवणारं लायपेझ आणि प्रथिनं पचवणारी इतर एन्झाइम्स असतात. यांचं काम आतड्यात. निरोगी माणसाच्या रक्तात त्यांचा थोडासाच अंश सापडतो. स्वादुपिंडाला अचानक सूज आली, पेशी फुटल्या, की ती रक्तात उतरतात आणि आकडा चढतो. म्हणजे ही तपासणी स्वादुपिंड किती चांगलं काम करतंय ते सांगत नाही. आत्ता, या घडीला, त्याला इजा होतेय का, एवढंच सांगते. माझं सगळं म्हणणं या एका फरकावर उभं आहे.

तपासणी जुनी आहे. लघवीतलं अमायलेझ मोजायची पद्धत वोल्गेमुट यांनी १९०८ मध्ये दिली. रक्तातल्या अमायलेझवरून स्वादुपिंडाची सूज ओळखता येते हे एल्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२९ मध्ये मांडलं. तेव्हापासून ती पोटदुखीच्या रुग्णासाठीच वापरली जातेय. ठणठणीत माणसाच्या वार्षिक तपासणीसाठी ती कधीच नव्हती.

आता आकडे. बऱ्याच लॅबमध्ये अमायलेझची वरची मर्यादा १०० ते ११० युनिट प्रति लिटरच्या आसपास असते. लायपेझचं मात्र पद्धतीवर फार अवलंबून आहे. एका लॅबची मर्यादा ६० असते, तर दुसरीची त्याच्या दुपटीहून जास्त. त्यामुळे डेक्कनच्या लॅबमधलं ९० आणि हडपसरच्या लॅबमधलं १४० शेजारी ठेवून 'वाढलं' म्हणू नका. आकडा नेहमी त्याच रिपोर्टवरच्या रेंजशी ताडून बघायचा.

तीव्र स्वादुपिंडदाह, म्हणजे अक्यूट पॅन्क्रियाटायटिस, ठरवायला तीन गोष्टी बघतात आणि त्यातल्या दोन जुळाव्या लागतात. एक, बेंबीच्या वर, बहुतेकदा पाठीत जाणारी जोराची वेदना. दोन, अमायलेझ किंवा लायपेझ वरच्या मर्यादेच्या किमान तिप्पट. तीन, सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआयमध्ये तशी खूण. हा निकष २०१२ च्या सुधारित अटलांटा वर्गीकरणातला आहे आणि जगभर तोच वापरतात. मर्यादा ६० असताना तुमचं ७८ आलं आणि पोटात काहीच दुखत नाही, तर तिन्हींतल्या पहिल्या दोन्ही गोष्टी जुळत नाहीत.

एक गोष्ट आमच्या टेबलावरची. अमायलेझला काम करायला कॅल्शियम लागतं. हिमोग्राम आणि एचबीए१सीसाठी जांभळ्या झाकणाची ट्यूब असते, तिच्यातलं ईडीटीए हे कॅल्शियम पकडून ठेवतं. त्या ट्यूबमधल्या रक्तावर अमायलेझ लावलं तर आकडा खोटा कमी येतो. म्हणून लाल किंवा पिवळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं सीरम लागतं. घरी रक्त घ्यायला येणाऱ्या मुलामुलींना हे शिकवलेलं असतं, पण एकच ट्यूब भरून नेताना कोणी दिसलं आणि यादीत अमायलेझ असेल, तर विचारायला संकोच करू नका.

---

नदीकाठ

ताई, अगदी वेळेवर धागा काढलात. आईचं वय ६८. कॅम्पमध्ये लायपेझ ९२ आलं, रेंज ६० पर्यंत. पोटाची काहीही तक्रार नाही, जेवण व्यवस्थित. क्रिएटिनिन १.७ आहे, डायबेटिस वीसेक वर्षांचा. मामा म्हणतोय ताबडतोब सीटी करून घ्या. काय करावं?

---

परीक्षानळी

नदीकाठ, मी डॉक्टर नाही, त्यामुळे निर्णय तुमच्या फिजिशियनचा. पण रिपोर्टमध्ये उत्तराचा धागा दिसतोय, तो लायपेझच्या ओळीत नाही, क्रिएटिनिनच्या, म्हणजे मूत्रपिंडाचं काम दाखवणाऱ्या ओळीत आहे. ही एन्झाइम्स रक्तातून काढून टाकण्यात मूत्रपिंडाचा मोठा वाटा असतो. मूत्रपिंड मंदावलं की दोन्ही थोडी साचतात. अशा वेळी आकडा वाढतो, पण सहसा तिपटीच्या आत राहतो. आईंचा दीडपटच आहे. सीटीमध्ये जो डाय शिरेतून देतात, तो मंदावलेल्या मूत्रपिंडाला देताना डॉक्टरांना विचार करावा लागतो. तेव्हा मामांना सांगा की सीटीच्या आधी हा रिपोर्ट आणि क्रिएटिनिनचे जुने आकडे घेऊन मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे जाऊन या.

---

हडपसरकर

धागाकर्तीताईंनी 'आत्ता, या घडीला' म्हटलंय, त्याला माझा अनुभव जोडतो. चुलतभावाच्या लग्नाचं जेवण झालं, रात्री पोटात वरच्या बाजूला कळ सुरू झाली. पाठीत जात होती, पुढे वाकून बसलं की जरा बरं वाटायचं, उताणं झोपवत नव्हतं. सगळे म्हणाले अ‍ॅसिडिटी. जेलुसिल, ओवा, लिंबू-सोडा, सगळं झालं. पाचव्या दिवशी एका ठिकाणी दाखवलं तर त्यांनी फक्त अमायलेझ केलं. ९४ आलं, नॉर्मल. गॅसेसची गोळी देऊन घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी बायकोने जबरदस्तीने दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी लायपेझ सांगितलं. रेंज ६० पर्यंत, माझं ६१०. सोनोग्राफीत पित्ताशय खड्यांनी भरलेलं. ॲडमिट झालो, सूज उतरल्यावर त्याच मुक्कामात पित्ताशय काढलं. आता ठीक आहे.

माझा प्रश्न : एक नॉर्मल आणि दुसरं दहापट, असं कसं होतं?

---

ओपीडीतून

हडपसरकर, तुमच्या पत्नीचे आभार माना.

उत्तर वेळेत आहे. अमायलेझ काही तासांत चढतं आणि बहुतेकांत तीन ते पाच दिवसांत खाली येतं. लायपेझ चार ते आठ तासांत चढतं, साधारण २४ तासांत शिखर गाठतं आणि आठ ते चौदा दिवस वर राहू शकतं. तुम्ही पाचव्या दिवशी गेलात, अमायलेझची खिडकी बंद झाली होती, लायपेझची उघडी होती. म्हणूनच आता दोन्हींतलं एकच करायचं तर लायपेझ करा असं आम्ही सांगतो. ते बहुतांशी स्वादुपिंडातूनच येतं. अमायलेझचं तसं नाही. निरोगी माणसाच्या रक्तातल्या अमायलेझचा निम्म्याच्या आसपास किंवा थोडा जास्तच भाग लाळग्रंथींचा असतो. गालगुंड झालेल्या मुलाचं अमायलेझ भरपूर वर दिसतं आणि स्वादुपिंड बहुतेकदा साफ असतं. आतड्याला अडथळा, आतडं फुटणं, गर्भनलिकेतला गर्भ, यातही ते वाढतं. पोट फार दुखणाऱ्या तरुण बाईचं अमायलेझ वाढलेलं दिसलं म्हणून लगेच स्वादुपिंडावर शिक्का मारू नये, ते याच कारणाने.

वॉर्डात नातेवाईक रोज विचारतात, "आज लायपेझ किती?" हा आकडा आजार किती गंभीर आहे ते सांगत नाही. २,००० वाला पाच दिवसांत घरी जातो आणि ४०० वाला आयसीयूत असतो, हे आम्ही नेहमी बघतो. निदान झाल्यावर रोज लायपेझ करण्यात पैसे आणि रक्त दोन्ही वाया जातात. गंभीरपणासाठी आम्ही श्वास, नाडी, लघवी किती होतेय, युरिया, क्रिएटिनिन, हिमॅटोक्रिट, इतर अवयव कसे आहेत ते बघतो.

आणि कारण शोधायलाच हवं. सर्वांत जास्त पित्ताचे खडे, त्यामागोमाग दारू. त्यानंतर ट्रायग्लिसराइड १,००० च्या वर गेलेलं, रक्तातलं कॅल्शियम वाढलेलं, काही औषधं. कारण तसंच राहिलं तर दुसरा झटका येतो.

---

परीक्षानळी

डॉक्टर, ट्रायग्लिसराइडचं नाव काढलंत म्हणून लिहिते. असा नमुना सेंट्रिफ्यूजमधून काढला की लगेच कळतो. एरवी सीरम पिवळसर, आरपार दिसणारं असतं. हे दुधासारखं पांढरं, ट्यूबच्या मागचं लेबल वाचता येत नाही. मशीन रंगातला बदल प्रकाशाने मोजतं, त्यामुळे या पांढरेपणाने अमायलेझचा आकडा खोटा नॉर्मल येऊ शकतो. असा नमुना आम्ही पातळ करून पुन्हा लावतो आणि रिपोर्टवर 'लिपेमिक' असा शेरा लिहितो. रुग्ण आणि कधीकधी घाईतले डॉक्टरही तो शेरा वाचत नाहीत. कृपया वाचा. पोटदुखी आहे, अमायलेझ नॉर्मल आहे आणि खाली हा शब्द आहे, तर तो नॉर्मल आकडा भरवशाचा नाही.

---

शेवंती

माझ्या मिस्टरांना क्रॉनिक पॅन्क्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाची जुनाट सूज आहे. एमआरसीपीमध्ये (पित्ताच्या आणि स्वादुपिंडाच्या नळ्यांचा एमआरआय) नळीत खडे दिसले. दारूचा थेंब नाही. जनुकीय तपासणीत स्पिंक१ या जनुकात बदल निघाला. दोन वर्षं अमायलेझ-लायपेझ प्रत्येक वेळी नॉर्मल, म्हणून आम्ही निर्धास्त होतो. पण वजन १२ किलो उतरलं, आणि संडास चिकट, तेलकट, कमोडमध्ये दोनदा फ्लश करूनही चिकटून राहणारी. त्याबद्दल घरात बोलायलाही ते लाजायचे. आता एन्झाइमच्या कॅप्सूल सुरू आहेत. हे नॉर्मल आकडे का फसवतात, कोणी सांगेल का?

---

परीक्षानळी

शेवंतीताई, तुम्ही हे उघडपणे लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे, कारण या लक्षणाबद्दल लोक डॉक्टरांनाही सांगत नाहीत.

जुनाट आजारात स्वादुपिंडाच्या पेशी वर्षानुवर्षं मरत जातात, त्या जागी तंतू आणि खडे येतात. एन्झाइम बनवणाऱ्या पेशीच उरल्या नाहीत तर रक्तात उतरणार काय? म्हणून तिथे आकडा नॉर्मल, कधीकधी कमीही. इजा मोजणारी तपासणी क्षमता मोजू शकत नाही.

क्षमता बघायला विष्ठेतलं इलास्टेज मोजतात, फीकल इलास्टेज-१. हे एन्झाइम आतड्यातून जाताना फारसं मोडत नाही, म्हणून विष्ठेत टिकतं. २०० मायक्रोग्रॅम प्रति ग्रॅमच्या वर असेल तर सहसा ठीक, १०० च्या खाली असेल तर पाचकरस फार कमी पडतोय, मधलं धूसर. दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुलाब लागलेले असताना नमुना देऊ नका, पाण्याने पातळ झाल्यामुळे आकडा खोटा कमी येतो. आणि या तपासणीसाठी एन्झाइमच्या कॅप्सूल थांबवायची गरज नाही. कॅप्सूलमधलं एन्झाइम डुकराचं असतं आणि ज्या पद्धतीत फक्त माणसाचं इलास्टेज ओळखणारी प्रतिपिंडं वापरतात, तिला ते दिसत नाही. लॅबला पद्धत विचारून घ्या. पुण्यातल्या लहान लॅब हा नमुना बाहेर पाठवतात, रिपोर्टला काही दिवस लागतात.

---

शेवंती

धन्यवाद ताई. त्यांचं इलास्टेज ३८ होतं. तेव्हा कोणी समजावलं नव्हतं, आज कळलं.

---

ओपीडीतून

शेवंतीताई, कॅप्सूल जेवणाच्या सुरुवातीला आणि जेवताना घ्यायची. जेवण संपल्यावर घेतली तर अन्न पुढे निघून गेलेलं असतं. बरेच जण गोळ्यांच्या सवयीने 'जेवणानंतर' घेतात आणि उपयोग होत नाही म्हणून सोडून देतात. ड, अ, ई, के ही स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वं तपासून घ्या. आणि साखर बघत राहा. स्वादुपिंडाच्या आजारातून येणारा मधुमेह वेगळा असतो. त्यात इन्शुलिन बनवणाऱ्या पेशीही गेलेल्या असतात आणि साखर एकदम खाली जाण्याचा धोका जास्त असतो.

---

साधा_प्रश्न

मी साखर आणि वजनासाठी आठवड्यातून एकदा टोचायचं इंजेक्शन घेतो. ऑफिसच्या तपासणीत लायपेझ ८४ आलं, मर्यादा ६०. हिंजवडीतल्या एका सहकाऱ्याचंही असंच. इंजेक्शन बंद करायचं का?

---

ओपीडीतून

स्वतःहून बंद करू नका. तुमचं इंजेक्शन बहुधा जीएलपी-१ गटातलं असेल. या गटातल्या औषधांनी लायपेझ आणि अमायलेझ थोडं वाढतं हे माहीत आहे. याच गटातल्या लिराग्लुटाइडच्या 'लीडर' या मोठ्या चाचणीत हे तपासलं गेलं. लक्षणं नसताना वाढलेल्या या आकड्यांवरून पुढे कोणाला स्वादुपिंडदाह होणार ते ओळखता आलं नाही. म्हणून लक्षणं नसताना वरचेवर लायपेझ करत राहण्याचा सल्ला आम्ही देत नाही. पण पोटात वर जोराची कळ, उलट्या, कळ पाठीत जाणं, असं झालं तर पुढचा डोस घेऊ नका आणि थेट इमर्जन्सीत या. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा पित्ताचे खडेही होतात, तेही डोक्यात ठेवा. पूर्वी कधी स्वादुपिंडदाह झाला असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा.

---

कापूरकाचरी

काका स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. तेव्हापासून मी दरवर्षी अमायलेझ, लायपेझ आणि सीए १९-९ (कॅन्सरसाठी सांगतात ती रक्ततपासणी) तिन्ही करते. सगळं नॉर्मल येतं. एवढं पुरे ना?

---

परीक्षानळी

कापूरकाचरी, काकांबद्दल वाईट वाटलं. तुमची भीती खरी आहे, म्हणून स्पष्ट सांगते. पुरे नाही. गाठ लहान असताना अमायलेझ-लायपेझ बहुतेकदा नॉर्मलच असतं. सीए १९-९ ठणठणीत माणसात कॅन्सर शोधण्यासाठी नाहीच. खड्यांनी पित्तनलिका तुंबली तरी ते वाढतं. काही लोकांच्या शरीरात ते बनतच नाही, त्यांचं कॅन्सर असूनही वाढत नाही. दर वर्षीचा नॉर्मल रिपोर्ट तुम्हाला जो दिलासा देतोय, तो देण्याची त्याची ऐपत नाही.

---

ओपीडीतून

सहमत. घराण्यात जवळच्या नात्यातल्या दोघा-तिघांना हा कॅन्सर झाला असेल, किंवा बीआरसीए२ सारखा जनुकीय बदल असेल, तर मोठ्या केंद्रात एमआरआय किंवा एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडने पाळत ठेवतात. एकट्या काकांवरून तुम्ही त्या गटात बसता का, हे जनुकीय समुपदेशकाला विचारा. बाकीच्यांनी ही लक्षणं ओळखा : न दुखता आलेली कावीळ, कारणाशिवाय उतरणारं वजन, पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेला मधुमेह आणि त्यासोबत वजन कमी होणं. यातलं काही दिसलं तर लायपेझ करत बसू नका, डॉक्टरांकडून स्कॅनचं विचारा. तंबाखू सोडा, कारण तोही कारणांत आहे.

---

पर्वतीपायथा

मी बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलं, ते या धाग्यासाठी. माझं अमायलेझ कायम वाढलेलं. ताजं २६८, मर्यादा ११०. लायपेझ ३४, नॉर्मल. पोट कधीच दुखत नाही. आत्तापर्यंत सीटी झाला, एमआरसीपी झाली, एंडोस्कोपी झाली, सगळं स्वच्छ. तरी प्रत्येक ठिकाणी "बघू, परत करू" एवढंच. वडापाव, मिसळ, सगळं बंद केलंय. पर्वतीवर रोज चढतो, दमही लागत नाही. मला नक्की काय झालंय?

---

परीक्षानळी

लाळग्रंथीची सूज किंवा गालाशी दुखणं नाही ना? नसेल तर मॅक्रोअमायलेझचा विचार करायला हवा. यात अमायलेझचा रेणू रक्तातल्या प्रतिपिंडाला चिकटतो आणि एवढा मोठा होतो की मूत्रपिंडाच्या गाळणीतून जात नाही. रक्तात साचतो, लघवीत दिसत नाही. स्वादुपिंड धडधाकट असतं.

हे पडताळायला महागडं काही लागत नाही. एकाच वेळी रक्त आणि लघवी द्या, दोन्हींत अमायलेझ आणि क्रिएटिनिन मोजायला सांगा. लघवीतलं अमायलेझ गुणिले रक्तातलं क्रिएटिनिन, भागिले रक्तातलं अमायलेझ गुणिले लघवीतलं क्रिएटिनिन, आणि सगळ्याला गुणिले १००. सर्वसाधारण माणसाचं उत्तर १ ते ४ टक्क्यांत येतं. मॅक्रोअमायलेझमध्ये १ च्या खाली. क्रिएटिनिन दोन्हीकडे एकाच एककात असलं पाहिजे, नाहीतर गणित चुकेल.

---

पर्वतीपायथा

ताई, फिजिशियनना धागा दाखवला, त्यांनी लगेच लिहून दिलं. आकडे : रक्तात अमायलेझ २६८, क्रिएटिनिन ०.८. लघवीत अमायलेझ ११०, क्रिएटिनिन ६०. क्रिएटिनिन दोन्हीकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर.

---

परीक्षानळी

११० गुणिले ०.८ म्हणजे ८८. २६८ गुणिले ६० म्हणजे १६,०८०. उत्तर ०.५५ टक्के. मॅक्रोअमायलेझशी जुळतंय. पक्कं करायचं तर पॉलिएथिलिन ग्लायकॉल (पीईजी) घालून मोठे रेणू खाली बसवतात आणि वरच्या द्रवात अमायलेझ किती उरलं ते मोजतात. कुठे होईल ते तुमच्या लॅबला विचारून ठेवा. सीलिअॅक आजारासोबत हे कधीकधी आढळतं, तेव्हा गहू खाल्ल्यावर त्रास होत असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आणि या निदानाचा कागद पाकिटात कायम जवळ ठेवा. पुढे कधी अपेंडिक्सने किंवा खड्याने पोट दुखलं, तर इमर्जन्सीतले डॉक्टर अमायलेझ बघून स्वादुपिंडाच्या मागे लागतील. त्यांना तुमचं लायपेझ बघायला सांगायचं.

---

पर्वतीपायथा

कागद लॅमिनेट करून घेतो. पीईजीसाठी नमुना बाहेर पाठवावा लागेल, असं लॅब म्हणाली. सोमवारी देतो. रिपोर्ट आला की इथेच टाकतो.